गुराब: एका लढाऊ जहाजाच्या नावात बसलेला कावळा

मराठ्यांच्या आरमाराबद्दल काहीही वाचायला घ्या, 'गुराबा आणि गलबतं' ही जोडी भेटतेच. कोकणातल्या पोराच्या कानावर गलबत हा शब्द निदान पडलेला असतो. आपल्याकडे वर्धा-वैनगंगेच्या पट्ट्यात नाव म्हटलं की डोळ्यांपुढे ढीवराचा डोंगा येतो, नाहीतर गोसीखुर्दच्या पाण्यावरची पत्र्याची बोट. त्यामुळे गावातल्या अभ्यासिकेत बसलेली मुलं 'गुराब: मराठ्यांचे लढाऊ जहाज' एवढं पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मार्क मिळतो, पण शब्द बंदच राहतो.

तो उघडला तर आतून कावळा निघतो.

अरबी भाषेत 'गुराब' म्हणजे कावळा. आपला घरावर ओरडणारा, वऱ्हाडीत ज्याला 'कावया' म्हणतात तो, आणि त्याचा थोराड भाऊ डोमकावळासुद्धा. हाच शब्द अरब खलाशी एका लांबट, वल्ह्यांनी चालणाऱ्या लढाऊ नावेसाठी वापरत. कावळाच का, याची दोन कारणं सांगितली जातात. एक रंगाचं: लाकूड कुजू नये म्हणून अशा नावांना बाहेरून डांबर फासत, त्यामुळे त्या काळ्याकुट्ट दिसत. दुसरं चोचीचं: नावेचा पुढचा भाग टोकदार होऊन पाण्यावर पुढे झेपावलेला असे. आम्हाला दुसरं कारण जास्त पटतं. डांबर सगळ्याच नावांना लागायचं, चोच सगळ्यांना नव्हती. ही चोच पुढे पुन्हा येणार आहे, कारण या जहाजाचं बळ तिच्यात होतं आणि दुखणंही तिच्यातच.

अरबीतून मराठीत येताना शब्दात काय बदललं? जवळजवळ काहीच नाही. अरबीत सुरुवातीचा वर्ण घशातून घासत निघतो. मराठीला तो उच्चार नाही, म्हणून आपण त्याचा सरळ 'ग' करतो. गरीब, गायब, गुलाम, गैर, गलत हे सगळे शब्द त्याच वर्णाने सुरू होणारे आणि त्याच वाटेने आलेले. गुराब त्याच रांगेत बसतो. मराठीने त्याला स्त्रीलिंग दिलं: ती गुराब, त्या गुराबा. वाट-वाटा, खाट-खाटा, तसंच. 'अनेक गुराब होते' असं कुठे छापलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याने जुने कागद वाचलेले नाहीत असं समजायला हरकत नाही. आणि गुरं, गुराखी यांच्याशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. आपल्याकडे पहिली शंका तीच येते म्हणून सांगितलं.

आता इंग्रजांकडे वळू, कारण मोठा घोळ तिथे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत या जहाजाला 'ग्रॅब' म्हटलेलं आहे. इंग्रजीत त्याच स्पेलिंगचं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ झडप घालून हिसकावणे. कोकण किनाऱ्यावरचं मराठी आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणत. मग कुणाच्याही मनात येईल की चाच्यांचं हिसकावणारं जहाज म्हणून 'ग्रॅब'. गोष्ट ऐकायला छान आहे आणि साफ चुकीची आहे. १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' हा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा कोश निघाला, त्याच्या संपादकांनीही या व्युत्पत्तीची टिंगलच केली आहे.

ती चुकीची कशावरून, हे समजून घेणं महत्त्वाचं. तीच तपासणी उद्या दुसऱ्या कुठल्याही शब्दाला लावता येते.

आधी काळ बघायचा. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ च्या सुमारास गुजरातच्या किनाऱ्यावर होता. तिथल्या एका जहाजाचं वर्णन करताना तो लिहितो की हे गुराबसारखं, पण तिच्याहून ऐसपैस होतं, त्याला ६० वल्ही होती आणि लढाईच्या वेळी वल्हेकऱ्यांवर बाण-दगड पडू नयेत म्हणून वर छप्पर घालत. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० साली. अडीचशे वर्षांनी येणाऱ्यांच्या क्रियापदावरून आधीच्या जहाजाला नाव कसं पडेल? मग आवाज बघायचा. 'गुराब'मधला 'उ' ऱ्हस्व आहे, भरभर बोलताना तो गळतो आणि 'ग्राब' उरतं. उलट 'ग्रॅब'चं 'गुराब' व्हायला मध्ये एक स्वर आणून घालावा लागेल. शेवटी माणसं बघायची, म्हणजे कोण कुणाला भेटलं ते. अरब व्यापारी कोकण-गुजरातच्या बंदरांत इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधीपासून येत होते. इंग्रजीतलं ते क्रियापद उत्तर युरोपातल्या डच-जर्मन बोलींकडचं आहे. दोन वेगवेगळ्या गावांची दोन माणसं, आडनाव सारखं निघालं, एवढाच प्रकार.

समुद्राची आपली भाषा अशा पाहुण्यांनी भरलेली आहे. 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आलं. 'बंदर' फारसी. 'आरमार' बहुतेक अभ्यासक पोर्तुगीज 'आर्मादा'कडे नेतात, म्हणजे शस्त्रसज्ज केलेला ताफा. 'गलबत'चं मूळ सहसा पोर्तुगीज 'गालिओता'त, म्हणजे छोट्या गॅलीत (वल्ह्यांच्या लढाऊ नावेत), दाखवतात. मजेदार आहे तो नांगर. शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'चा वंशज, तर जहाजाचा नांगर फारसी 'लंगर'वरून. दोघेही जमिनीत रुततात, म्हणून मराठीने त्यांना एकाच नावाखाली ठेवून दिलं आणि कुणाची तक्रार आली नाही.

चोच, तोफा आणि पाणी

गुराब दिसायची कशी? सगळ्यात नेमकं वर्णन कंपनीच्या नोकरीतला अठराव्या शतकातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलं आहे, आंग्र्यांच्या जहाजांसंदर्भात. बहुतेक गुराबांना दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांच्या वर जात नसे, तीनची सुमारे ३०० टनांची. १५० टन म्हणजे साधारण दीड हजार क्विंटल, आपल्या हिशेबाने सोयाबीनचे दहा टनी पंधरा ट्रक. त्या काळच्या युरोपीय लढाऊ जहाजांपुढे हे लहानच.

लांबीच्या मानाने गुराब चांगली रुंद असे आणि मधून टोकाकडे निमुळती होत जाई. पुढे इतर जहाजांसारखी गोल छाती नसे, तिथे ती चोच. बैलबंडीची दांडी जशी साट्यापासून जुवाकडे पुढे निघते तशी ही चोच जहाजाच्या अंगापासून पुढे निघालेली. तिच्यावर मजबूत फळ्या ठोकलेल्या, उंची मुख्य डेकएवढीच. डेक आणि चोच यांच्या मध्ये एक आडवी लाकडी भिंत. त्या भिंतीला भोकं, आणि भोकांमागे दोन तोफा, नऊ किंवा बारा पौंडी, थेट पुढे रोखलेल्या. इथे पौंड म्हणजे गोळ्याचं वजन: नऊ पौंडी तोफेचा गोळा सुमारे ४ किलोचा, बारा पौंडीचा साडेपाच किलोच्या आसपास. बाजूच्या तोफा जरा हलक्या, सहा ते नऊ पौंडी. पुढच्या तोफांचा गोळा चोचीच्या वरून सुटून जाई.

या रचनेचा तोटा लगेच लक्षात येतो. समोरून लाटा आल्या की पुढे झेपावलेली चोच लाटेत घुसणार, मग वर उसळणार, परत घुसणार. जहाज उखळातल्या मुसळासारखं वरखाली आपटत राहतं. प्रत्येक वेळी चोचीवर पाण्याचा लोंढा येतो. जहाजाच्या बाकीच्या भागाला असतात तसे कठडे चोचीलाही घातले असते, तर ते पाणी तिथेच साचून पुढचा भाग जड झाला असता. म्हणून चोच मुद्दाम उघडी ठेवत. पाणी आलं तसं दोन्ही बाजूंनी ओघळून जाई, आणि मधली आडवी भिंत ते डेकवर येऊ देत नसे. एका लाकडी भिंतीकडून दोन कामं: तोफांना आडोसा आणि पाण्याला बांध. शेतात पाणी तुंबू नये म्हणून बांधाला तोंड ठेवतात, त्याच जातीची ही अक्कल.

दुसरी गोष्ट पाण्यात बुडणाऱ्या भागाची. गुराबेचा फार थोडा भाग पाण्याखाली असे. डोंगा चालवणाऱ्याला याचा फायदा सांगावा लागत नाही. उथळ पाण्यातून जाता येतं, गाळावर टेकलं तरी निघता येतं, खाडीत आतपर्यंत शिरता येतं. मागे लागलेलं खोल बुडाचं इंग्रजी जहाज खाडीच्या तोंडाशीच थांबणार. तोटाही डोंग्याचाच. खाली खोल कणा नसला की वारा बाजूने आला म्हणजे नाव पुढे जाण्याऐवजी आडवी सरकत जाते. वारा पाठीशी असेपर्यंत गुराब पळायची, इतकी की ऑर्मला ती जवळजवळ वाऱ्याच्याच वेगाने जाते असं वाटलं. खुल्या खोल समुद्रात वाऱ्याविरुद्ध झगडायची वेळ आली की तिची बाजू पडती.

लाकूड बहुतेक साग. आलापल्लीच्या सागाची थप्पी पाहिलेल्या माणसाला हे लाकूड कुजत नाही, वाळवी धरत नाही हे माहीत असतं. जहाजाच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. सागातल्या तेलामुळे त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. युरोपातली जहाजं ओकची असत आणि ओकमधलं आम्ल लोखंड खातं. फळ्यांच्या सांध्यांत तेल-राळेत माखलेला कापूस किंवा काथ्या ठासत. सांधा नीट भरला नाही तर जहाज बुडायला गोळा लागत नाही, थेंब थेंब पाणीच पुरतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथात, आरमारासाठी साग परवानगीने तोडावा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ती झाडं काही वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत, असं बजावलं आहे.

गलबताशिवाय गुराब अर्धी

त्याच आज्ञापत्रात पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून आरमाराचा एक सुभा करावा असं येतं, म्हणजे एका गुराबेमागे तीन गलबतं. ऑर्मच्या नोंदीत आंग्र्यांचा मुख्य ताफा आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतांचा, म्हणजे एकास चार-पाच. गलबतं एवढी जास्त का लागत?

गलबत म्हणजे गुराबेच्याच घाटाची, पण लहान नाव. सर्वांत मोठं जेमतेम ७० टनांचं. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची नावापुरती. मुख्य काठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड. वजन वाचावं म्हणून डेक पुष्कळदा चिरलेल्या बांबूंचा, आणि त्यावर कठड्याला बसवलेल्या, गोल फिरवता येणाऱ्या बारक्या तोफा. मोठ्या गलबतांना पक्का डेक आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. पण खरी ताकद चाळीस-पन्नास वल्ह्यांत. वल्ह्यांवर हे तासाला चार मैल जाई, साडेसहा किलोमीटरच्या आत, म्हणजे बाजाराला उशीर झालेला माणूस चालतो तेवढा वेग. ऐकायला काहीच नाही. मात्र वारा पडला की शिडाचं जहाज ठोकळ्यासारखं जागीच उभं राहतं, आणि उभ्या राहिलेल्यापुढे चालणारा नेहमीच वेगवान. अशा वेळी गलबतं दोर लावून गुराबांना ओढत नेत. बैल गुराब नव्हे, बैल गलबत. गुराब ही त्या बैलांनी ओढत नेलेली तोफ.

हल्ल्याची पद्धतही यातूनच ठरत गेली. शत्रूच्या व्यापारी जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असत, मागच्या बाजूला अगदी थोड्या. म्हणून त्याची पिछाडी गाठायची. मागून आपल्या चोचीवरच्या तोफा सरळ त्याच्यावर रोखलेल्या, त्याच्या कुशीतल्या तोफा मात्र रिकाम्या पाण्याकडे बघत बसलेल्या. पहिले गोळे माणसांवर किंवा लाकडावर नाहीत, डोलकाठ्यांवर. नेम कधी धरायचा तेही ठरलेलं: समोरच्या तिन्ही डोलकाठ्या एकीमागे एक झाकलेल्या असतात, त्या जेमतेम सुट्या दिसू लागल्या की. त्या क्षणी तिन्ही मिळून एक रुंद लक्ष्य तयार होतं, एकीला चुकलेला गोळा दुसरीला लागू शकतो. काठी पडली की शीड गेलं, शीड गेलं की जहाज वळू शकत नाही आणि कुशीच्या तोफा फिरवता येत नाहीत. मग जवळ जाऊन चहूबाजूंनी मारा. तरीही शरण आलं नाही तर माणसांनी खच्चून भरलेली गलबतं एकाच वेळी सगळीकडून भिडवायची आणि तलवारी घेऊन चढायचं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीला हात घातला. त्यानंतरच्या शंभर वर्षांत कोकणच्या खाड्यांना आणि वाऱ्याला जुळेल अशी ही पद्धत घासून तयार झाली.

ती मोडली कुठे? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत. इंग्रज त्याला घेरिया म्हणत. तिथल्या तुळाजी आंग्र्यांवर समुद्राकडून इंग्रज नौसेनापती वॉटसनचा ताफा आणि त्यासोबत कंपनीच्या क्लाइव्हचं सैन्य आलं. पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही त्यातली बोचणारी गोष्ट. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांजवळ उभी होती. इंग्रजांकडूनच पूर्वी पकडलेल्या एका जहाजावर तोफेचा पेटता गोळा पडला, ते पेटलं, आणि आग एकावरून दुसऱ्यावर जात जवळपास सगळा ताफा जळाला. जे डांबर आणि राळ लाकडाला पाण्यापासून वाचवत होती, तीच आगीला मिळाली. पळण्यासाठी आणि पाठलागासाठी घडवलेलं जहाज एका जागी बांधून ठेवलं की त्याचे सगळे गुण निकामी होतात.

आपल्या भागाचा या सगळ्याशी एक विसरलेला धागा आहे. १७५१ ते १८०३ नागपूरकर भोसल्यांकडे ओडिशा होता, म्हणजे बालासोरसकट बंगालच्या उपसागराचा लांब किनारा. तरी नागपूरकरांचं नाव घेण्यासारखं आरमार उभं राहिलं नाही. तो किनारा इंग्रजांकडे गेला आणि त्याची लिखापढी झाली ती १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहात, आपल्या अचलपूरजवळच.

एकच शब्द, बदलत गेलेलं जहाज

जुने कागद वाचताना एक खड्डा टाळायचा असतो. नाव तेच राहिलं म्हणून वस्तू तीच राहिली असं धरू नका. इब्न बतूताच्या काळची गुराब वल्ह्यांवर चालणारी होती. ऑर्मच्या काळात ती शिडांवर चालते आणि वल्ही गलबतांकडे गेलेली दिसतात. त्यानंतरच्या एका चित्रात तर ती तीन डोलकाठ्यांची, टोकाला पुढे आडवी काठी असलेली दाखवली आहे. आपल्या शेतातही असंच होतं. आज 'मोटार चालू कर' म्हटलं तर विहिरीवरचा पंप सुरू होतो. आजोबांच्या वेळी त्याच शब्दाला चाकं होती.

कावळ्याची शेपटी युरोपातही दिसते, निदान काहींना तसं वाटलं. 'कॉर्व्हेट' हे नाव आपल्या नौदलातल्या छोट्या युद्धनौकांना आहे. २०१४ मध्ये दाखल झालेली 'आयएनएस कामोर्ता' त्याच जातीची. लॅटिनमध्ये कावळ्याला 'कॉर्व्हस' म्हणतात, आणि अरबी गुराबचं ते भाषांतरच असावं असा तर्क एका इटालियन अभ्यासकाने केला होता. कोशकारांचा कल मात्र डच 'कॉर्फ'कडे आहे, म्हणजे टोपली, आणि तसल्या आकाराची छोटी नाव. कावळा की टोपली? वर लावलेली काळ, आवाज आणि माणसांची तपासणी इथे लावली तर आम्ही टोपलीच्या बाजूने. 'कॉर्व्हेट' फ्रेंचांकडून आलं, फ्रेंचांना डच नावा शेजारच्या, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या युरोपातच सापडतात. कावळ्यासाठी अर्थाचं साम्य सोडलं तर हाताला फारसं लागत नाही, आणि नुसत्या अर्थावर विसंबलं की काय होतं ते 'ग्रॅब'मध्ये पाहिलंच.

तुम्ही स्वतः जुनं काही वाचायला घ्याल तेव्हा एवढं जवळ असू द्या. इंग्रजी कागदात 'ग्रॅब', 'गोराब' दिसलं तर ती गुराब, आणि 'गॅलिव्हॅट' दिसलं तर गलबत. शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीतल्या जहाजांच्या यादीत गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे यांच्या ओळीत 'पगार' येतो. तो महिन्याचा नव्हे, तीही एक नावच आहे. महिन्याचा पगार पोर्तुगीजांकडून आला, पैसे चुकते करणे या अर्थाच्या शब्दावरून.